आईसाठी घेतलेलं थ्रेशोल्ड आयएमटी: व्हेंटिलेटरनंतर सात महिन्यांचा अनुभव

आधी सरळ सांगते, श्वास ओढायच्या स्नायूंना व्यायाम देणारं हे छोटं यंत्र चांगलं आहे आणि आमचे पैसे वाया गेले नाहीत. पण दुकानातनं उचलून आणून पेशंटच्या तोंडात द्यायची ही वस्तू नव्हे, आणि ज्यांचं माणूस आत्ता व्हेंटिलेटरवर आहे त्यांनी यंत्राच्या आधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला पाहिजेत जे आम्हाला माहीतच नव्हते, म्हणून एवढं लांब लिहायला बसलेय.

गेल्या जुलैत आईला न्यूमोनिया झाला. वय ५८, बीपीची एक गोळी सोडली तर कसला आजार नाही. दोन दिवस ताप अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी एक वाक्य बोलताना दोनदा थांबायला लागली, दवाखान्यात नेईपर्यंत ओठ काळे पडलेले. त्याच रात्री नळी घालून व्हेंटिलेटर लावला. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं, गुंगीचं औषध चालू, मधे दोन दिवस तर स्नायू पूर्ण ढिले करायचं इंजेक्शन पण द्यावं लागलं. जीव वाचवायला ते लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. पाचव्या दिवशी ताप उतरला, एक्स-रे सुधारला, सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले फुप्फुसं बरी झाली, नळी काढूया. काढली. चार तासांत धाप लागली, घामानं चादर भिजली, परत नळी. दोन दिवसांनी परत काढली, परत घातली. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलेलो, दादा म्हणाला अगं फुप्फुसं बरी झाली तर मग श्वास का घेता येईना? हा प्रश्न मी आत तीन वेळा विचारला. एकदा उत्तर मिळालं की पेशंट को-ऑपरेट करत नाही, एकदा की वयामुळे, आणि तिसऱ्यांदा उत्तरच मिळालं नाही. नऊ दिवसांत फिजिओ एकदाच आलेला, हातपाय वरखाली करून पाच मिनिटांत गेला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण मला कुणाशी भांडायचं नाही, पण हे व्हायला नको होतं.

दहाव्या दिवशी आईला दुसरीकडे हलवलं. तिथल्या आयसीयूच्या डॉक्टरांनी पहिल्याच संध्याकाळी सोनोग्राफीचं छोटं मशीन आणलं आणि आईच्या उजव्या बरगड्यांवर लावून मला आत बोलावलं. स्क्रीनवर दोन पांढऱ्या रेघा आणि मधे एक काळसर पट्टी, जेमतेम दोन मिलिमीटरची. म्हणाले, ही पट्टी म्हणजे डायफ्राम, श्वासपटल, श्वास घेताना जो मुख्य स्नायू खाली ओढला जातो तो. आपण श्वास घेतो तेव्हा ही पट्टी जाड व्हायला पाहिजे, आता बघा. आईनं श्वास घेतला. पट्टी हलली पण जाड अशी झालीच नाही. मग त्यांनी प्रोब स्वतःच्या बरगडीवर लावून दाखवला, तिथं पट्टी श्वासागणिक फुगत होती. त्या दोन मिनिटांत दादाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. फुप्फुसं बरी झाली होती पण त्यांना ओढणारा स्नायूच वाळला होता.

आमच्या शेजारी एक पैलवान काका आहेत, तरुणपणी गंगावेशीच्या तालमीत होते. त्यांना घरी येऊन हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "पोरी, महिनाभर मेहनत बंद झाली की मांडी उतरती. आन् ह्यो तर जन्मल्यापासनं एक दिस बी न थांबलेला, त्याला एकदम झोपवल्यावर उतरणार न्हाई तर काय." मला डॉक्टरांच्या सोनोग्राफीइतकंच हे वाक्य पटलं. आणि उतरतं ते किती पटकन, तर २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. अवयवदान होणाऱ्या १४ ब्रेनडेड माणसांच्या डायफ्रामचे तुकडे तपासले, १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेले आणि त्या काळात डायफ्राम पूर्ण गप्प. तेवढ्यात स्नायूच्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी भरलं. ६९ तास म्हणजे तीन दिवससुद्धा नाहीत. आमचे तर नऊ झाले होते. शिवाय रक्तात इन्फेक्शन असलं, खाणं तुटलं, स्नायू ढिले करायची औषधं मिळाली की ते आणखी वाढतं, आणि आईला हे सगळंच झालेलं.

आता यंत्राकडे येते. फिजिओ मॅडमनी आधी आईची ओढायची ताकद मोजली, श्वास ओढताना वाट बंद करून किती दाब तयार होतो ते. आकडा आला २६ सेंटिमीटर पाणी. मला काहीच कळेना तर त्या म्हणाल्या, असं समजा काकूंनी पाण्यात उभी नळी धरून जोरात ओढलं तर पाणी २६ सेंटिमीटर वर येईल, धडधाकट बाईचं त्या वयात ७० च्या आसपास येतं. त्या आठवड्यात पंचगंगेला पूर होता, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघालेलं, वेटिंग रूममध्ये प्रत्येकाच्या मोबाईलवर पाणी किती फूट तेवढंच चाललेलं. आणि मी कागदावर आईचं पाणी किती सेंटिमीटर ते लिहीत होते. ते उतरायची वाट बघत होते, मी चढायची.

थ्रेशोल्ड आयएमटी म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची वीतभराहून कमी लांबीची नळी, आत स्प्रिंग लावलेली झडप, बाहेर ९ ते ४१ अशा रेघा. टोक फिरवून स्प्रिंग घट्ट किंवा सैल करायची. जेवढा आकडा लावलाय तेवढा जोर लावून ओढलं तरच झडप उघडते, नाहीतर हवा येतच नाही. सोडताना मात्र काही अडथळा नाही, श्वास आरामात बाहेर जातो. वजन उचलण्यासारखंच आहे, फक्त वजन श्वासाला बांधलेलं. आईच्या गळ्याला तोवर भोक पाडून ट्रॅकची नळी बसवली होती, मॅडमनी जोड लावून यंत्र थेट त्या नळीला लावलं. २६ च्या तीसेक टक्के म्हणजे आठ, म्हणून सगळ्यात खालच्या ९ वर.

पहिला श्वास ओढला, काहीच नाही. दुसरा, मानेच्या शिरा ताणल्या, काही नाही. मॅडमनी तिच्या बरगडीखाली पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, काकू, मान सोडा, माझा हात वर ढकला. तिसऱ्या श्वासाला झडप उघडली, बारीक फुस्स असा आवाज झाला आणि आईनं डोळे मोठे केले. तिला बोलता येत नव्हतं. सहा श्वास झाले की परत व्हेंटिलेटर जोडून दोन मिनिटं विश्रांती, असे पाच सेट, म्हणजे दिवसाला फक्त ३० श्वास. पहिल्या दिवशी दोनच सेट झाले कारण नाडी १३० च्या वर गेली आणि मॅडमनी तिथंच थांबवलं. मी म्हटलं अजून एक करू की, तर म्हणाल्या नाही ताई, हा स्नायू कमी वापरला तरी बिघडतो आणि जास्त ताणला तरी बिघडतो. हे मी कागदावर अधोरेखित करून ठेवलं.

पण नुसत्या ह्या नळीनं आई सुटली असं कुणी समजू नका. तिथं रोज सकाळी गुंगीचं औषध बंद करून तिला जागं करायचे आणि जागी झाली की व्हेंटिलेटरचा आधार कमी करून स्वतःचा श्वास किती वेळ टिकतो ते बघायचे, आधी अर्धा तास, मग दोन तास. रोज जागं करणं आणि रोज श्वासाची परीक्षा, ही जोडी २००८ मध्येच अमेरिकेत ३३६ पेशंटवर तपासली गेलीय आणि २८ दिवसांपैकी व्हेंटिलेटरविना दिवस ११.६ वरून १४.७ वर गेले. यात कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, माणसं लागतात आणि रोजचा नेम लागतो. शिवाय मशीनचा मोड असा लावायचा की पेशंटनं थोडा तरी श्वास स्वतः ओढावा. नाकातल्या नळीतनं प्रोटीन मोजून. बेडवर बसवणं, मग खुर्चीत. आमची आत्या म्हणत होती रोज चालवा तिला, जास्तीत जास्त चालवा, पण त्यालाही मर्यादा आहे, २०२२ च्या ७५० पेशंटच्या मोठ्या अभ्यासात नेहमीपेक्षा जास्त जोरानं हालचाल करून घेतल्याचा फायदा दिसला नाही, उलट त्रासाचे प्रसंग वाढले. आईला तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं ते वीस मिनिटंच, पण त्या वीस मिनिटांत तिनं माझ्या हातातली वेणीफणीची पिशवी ओढून घेतली.

यंत्र सुरू केल्यावर नवव्या दिवशी व्हेंटिलेटर पूर्ण सुटला. ताकद २६ ची ३४ झाली होती, यंत्र १७ वर. यंत्रामुळे किती आणि बाकी सगळ्यामुळे किती, हे वेगळं काढून मला सांगता येणार नाही आणि सांगणार पण नाही. पण फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०११ मध्ये आईसारखेच व्हेंटिलेटर न सुटणारे ६९ पेशंट घेतले होते, निम्म्यांना स्प्रिंगचा खरा व्यायाम आणि निम्म्यांना नावाला, त्यात खऱ्या व्यायामाचे ७१ टक्के सुटले आणि दुसरे ४७ टक्के. पेशंट थोडे आहेत हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. सुटल्यानंतर करण्यात अर्थ आहे का, तर ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सात किंवा जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या ७० जणांवर झालंय, दोन आठवड्यांत व्यायाम केलेल्यांची ताकद १७ टक्के वाढली आणि न केलेल्यांची ६. दमसास मात्र दोघांचा सारखाच राहिला, हे पण त्यांनीच लिहिलंय.

आता खरेदी. हॉस्पिटलातलं यंत्र ट्रॅकला जोडलेलं, घरी जाताना स्वतःचं घ्या म्हणाले, एकाचं दुसऱ्यानं वापरायचं नसतं. राजारामपुरीत एका सर्जिकलच्या दुकानात गेले तर त्यांनी तीन बॉलचं स्पायरोमीटर पुढं केलं, म्हणाले एकच की हो, सगळे हेच नेतात, साडेतीनशे द्या. कोरोनानंतर ते घरोघरी आहेच. हे एकच नाही, आणि ह्या एका गैरसमजासाठी तरी हा रिव्ह्यू वाचा. तीन बॉलवर ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं असतं, तो हवेचा वेग आहे, सेकंदाला किती सीसी. फुप्फुसांचे मिटलेले कोपरे उघडावेत, खोल श्वासाची सवय लागावी म्हणून ते असतं आणि त्या कामाला ते ठीक आहे. पण त्यात झटका मारून बॉल उडवता येतो, हळू ओढलं की वजनच पडत नाही. स्प्रिंगच्या झडपेत ही पळवाट नाही, हळू ओढा की जोरात, आकड्याएवढा दाब केल्याशिवाय ती उघडतच नाही. आणि फुगे फुगवा, शंख वाजवा असं सांगणारे दहा नातेवाईक येऊन गेले. मायेनं सांगतात, पण फुंकताना लागतात ते श्वास सोडायचे स्नायू, आईचं दुबळं होतं ते ओढायचं काम.

शेवटी दुसऱ्या दुकानदारानं पुण्याहून मागवून दिलं, चार दिवस लागले, ३,६०० ला पडलं. एवढ्याशा प्लॅस्टिकला ही किंमत जास्त वाटते, पहिल्यांदा हातात घेतल्यावर दादाचा चेहरा पडलेलाच. पण सात महिने झाले, स्प्रिंग तशीच आहे, झडप चिकटलेली नाही. साफ करायला कोमट साबणाचं पाणी, झटकून सावलीत वाळवायचं, उकळायचं अजिबात नाही. आमच्या घरी बाळाच्या बाटल्या उकळायची सवय म्हणून वहिनी एकदा पातेल्यात टाकायलाच निघाली होती, वेळेवर बघितलं म्हणून वाचलं.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. तोंडात धरायचा भाग कडक आहे. आईच्या खालच्या दाढा नाहीत, ओठांच्या कडेनं हवा गळते आणि मग झडप न उघडता नुसताच श्वास जातो, पहिला आठवडा आम्हाला हे कळलंच नाही, आई म्हणायची आज हलकं जातंय आणि आम्ही खूश. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा लक्षात आलं. आता ती दोन बोटांनी ओठ दाबून धरते. नाकाची क्लिप चावते, नाकावर वळ उठतात, मऊ कापडाची घडी घालून लावा. आकडे बारीक आणि पारदर्शकवर पारदर्शक, चाळिशी लागलेल्याला दिसत नाहीत, आम्ही २१, २५, २९ वर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. माहितीचा कागद इंग्रजीत. मराठीत एक पानभर दिलं असतं तर किती बरं झालं असतं, हे वापरणारं माणूस बहुतेक वेळा आईच्या वयाचं असतं. आणि ४१ च्या पुढं जात नाही, म्हणजे बरं होऊन दणकट झालेल्याला ते कमी पडेल, आमच्यासारख्याला पुरतं.

ज्यांच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली आहे किंवा आधी कधी साठली होती, खोकल्यातनं रक्त येतंय, कानाचा पडदा फाटलाय, नुकतंच छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, दमा उसळलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. करताना चक्कर, छातीत दुखणं, ऑक्सिजनचा आकडा खाली, यातलं काहीही झालं की बंद. आम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावूनच बसायचो पहिले दोन महिने. आणि आकडा आपल्या मनानं चढवू नका. आमचा नियम मॅडमनी घालून दिलेला, सेटमधला सहावा श्वास जेमतेम पूर्ण होईल एवढं वजन, सहावा सहज गेला की पुढच्या फेरीला एक रेघ वर, पाचव्यालाच अडकलं की एक रेघ खाली.

मोजायचं कसं असं विचाराल तर दर आठवड्याला दाब मोजायला हॉस्पिटलात जाणं काही जमत नाही. मॅडमनी एक साधी गोष्ट शिकवली, खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं अंक मोजायचे, सेकंदाला साधारण दोन. घरी आली तेव्हा आई आठला थांबायची. दारावरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आम्ही आकडा लिहीत गेलो, आठ, आठ, नऊ, अकरा, मधे सर्दी झाली तेव्हा परत नऊ, दिवाळीच्या आसपास १९, ह्या आठवड्यात २७. हॉस्पिटलात मागच्या महिन्यात मोजलं तेव्हा दाब ५८ आला, यंत्र २९ वर चाललंय.

ज्यांचं माणूस आत्ता आत आहे त्यांच्यासाठी, मी वर म्हटलं ते चार प्रश्न. आज गुंगीचं औषध थांबवून जागं करून बघितलं का. आज स्वतःच्या श्वासाची परीक्षा घेतली का, घेतली नसेल तर कशामुळे. मशीन सगळा श्वास देतंय की पेशंट थोडा स्वतः घेतोय. फिजिओ रोज येतोय का आणि छातीसाठी काय करतोय. तावातावानं विचारायचं नाही, वहीत लिहून न्यायचं आणि रोज एकाच वेळेला विचारायचं. कधी कधी उत्तर येतं की आज झोपवूनच ठेवायला लागणार, आणि ते बरोबर असू शकतं, खूप ऑक्सिजन लागत असेल, मेंदूला सूज असेल तर झोपवणंच भाग असतं. पण कारण आपल्याला कळायला पाहिजे.

पाचपैकी चार स्टार देते. एक कापला तो तोंडाच्या कडक भागासाठी आणि मराठी कागद नसल्याबद्दल. फिजिओच्या देखरेखीशिवाय घेणार असाल तर मात्र घेऊ नका, ते ३,६०० त्यांच्या फीला द्या, आमच्याकडे त्या आधी आठवड्यातून दोनदा आणि आता महिन्यातून एकदा येतात.

नंतर जोडतेय: नाकाच्या क्लिपचं रबर परवा तुटलं. सुटी क्लिप त्याच दुकानात मिळाली, अख्खं यंत्र परत घ्यायची गरज नाही. तोवर दोन दिवस आई अंगठा आणि बोटानं नाक दाबूनच तुळशीपाशी बसून ३० श्वास पूर्ण करत होती, चहा त्याच्यानंतरच.